साळुंकी जवळ येत गेली

शिरूरला बन्यामीन रणनवरे यांचा फोटो स्टुडिओ होता. आता त्या गाळ्यात झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज चालतं, आणि मागच्या खोलीत पासपोर्ट फोटोसाठी एक निळा पडदा तेवढा लटकतो. लग्नांची कामं तरुण पोरांनी केव्हाच उचलली. बन्यामीन त्याबद्दल कुरकुर करत नाहीत. साठी जवळ आली तेव्हा पत्नीला, ग्लॅडिसला, ते एवढंच म्हणाले होते, की चाळीस वर्षं माणसांना "हलू नका" असं सांगत आलो, आता एखादं हलणारं काहीतरी टिपावंसं वाटतं.

ते हलणारं काहीतरी २०१८ च्या मार्च महिन्यात, एका सोमवारी भर दुपारी, माणसाच्या बगलेत बसून स्टुडिओत आलं.

माणूस म्हणजे निमोण्याचे ज्ञानदेव गव्हाणे. सणसवाडीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटरचं काम करून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि पेन्शनच्या कागदांना त्यांना फोटो हवे होते. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि बगलेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. दारातून येताना ते चौकटीला अडकलं.

"ते बाहेर ठेवा," बन्यामीन म्हणाले.

"बाहेर न्हाई ठेवायचं. एस्टीत मांडीवर घेऊन बसलोय."

"आहे काय त्यात?"

"पंख हाय."

चादर सोडली तर आत खरोखरच पंख. हलक्या लाकडाच्या पातळ फासळ्या, त्यांवर ताणून चिकटवलेलं पिवळं कापड, खालच्या अंगाला दोन बारीक काळे पट्टे. ज्ञानदेवांनी तो पडद्याला टेकवून उभा केला आणि स्टुलावर ताठ बसले. संध्याकाळी फोटो कापायला घेतल्यावर बन्यामीनच्या लक्षात आलं, की आठही फोटोंत गव्हाण्यांच्या कानामागून पिवळं टोक डोकावतंय. पुन्हा बोलावून दुसरे काढावे लागले.

"ह्ये बी चाललं असतं," ज्ञानदेव जुने फोटो खिशात घालत म्हणाले. "हापिसात इचारलं असतं, तर सांगितलं असतं, इथून पुढं ह्येच करनार हाय."

रिमोटवर उडणारी छोटी विमानं ते घरी बनवत. हा पंख त्यांतल्या सगळ्यांत लाडक्या विमानाचा. त्याचं नाव साळुंकी. ती हवेत कशी दिसते ते बघायला या, असं त्यांनी बोलावलं आणि पुढच्या रविवारी चर्चमधली उपासना आणि जेवण उरकून बन्यामीन स्टुडिओची जुनी ओम्नी घेऊन निमोण्याला गेले. गव्हाणे पुढे, साळुंकी मागे, असे ते न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून भांडगावला पोहोचले.

भांडगावच्या मागे, सोलापूर रस्त्यापासून आत, इंद्रजीतच्या आजोबांचं माळरान आहे. इंद्रजीत पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो आणि रविवारी गावी येतो. त्याने माळावर रोलर फिरवून छोटी धावपट्टी केली होती आणि कडेने चुन्याची रेघ मारली होती. रेघेच्या पुढे उडवणारे, मागे बघणारे. विमान हवेत असताना उडवणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही, हा तिथला पहिला नियम. उडवणाऱ्याचे दोन्ही अंगठे रिमोटच्या दोन दांड्यांवर असतात आणि नजर आभाळात. नजर निमिषभर हलली तर विमान आपल्याकडे येतंय की आपल्यापासून जातंय हेसुद्धा कळेनासं होतं. पोटावरचे काळे पट्टे त्यासाठीच असतात. पट्टे दिसले तर पोट, न दिसले तर पाठ.

बन्यामीनने त्या दिवशी सव्वाशे फोटो काढले आणि त्यांतला उत्तम एक मोठा छापून निमोण्याला नेऊन दिला. चित्र इतकं स्वच्छ होतं, की पंखावरच्या फासळ्या मोजता येत होत्या. ज्ञानदेवांनी तो हातात घेतला आणि उजेडाला धरून निरखला.

"आवडला नाही का?"

"चांगला हाय. पण ह्यात विमान पडाय लागलंय."

"पडायला कशाला लागेल? मस्त उडत होतं."

"मंग म्होरला पंखा का थांबलाय? बघा की. दोन पाती सुटी सुटी दिसत्यात. पाती दिसली म्हंजी मोटर मेली. कुनी बी सांगंल." त्यांनी फोटो उलटा ठेवला. "तुमचं कौतुक हाय, पण भितीवर न्हाई लावायचा मी ह्यो."

बन्यामीनना हे लागलं आणि पटलंही. फोटो त्यांनी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात काढला होता. तेवढ्या वेळात फिरतं पातंही जागच्या जागी गोठतं. चालतं पातं चालतं दिसायचं तर शटर सावकाश ठेवायला हवं, आणि शटर उघडं असताना विमानाच्या वेगाने कॅमेऱ्यानेही फिरायला हवं. पाय रोवलेले, फक्त कंबर वळवायची. साधलं तर विमान रेखीव येतं, पुढे पंख्याची धुरकट चकती दिसते आणि मागच्या बाभळींच्या नुसत्या रेघा होतात. नाही साधलं तर सगळंच पुसून जातं. शंभरात दोन साधले तरी नशीब.

मग महिनाभर ते रोज सकाळी पुणे-नगर रस्त्याच्या कडेला उभे राहून धावत्या एसट्यांवर सराव करू लागले. पंचाईत अशी झाली, की कॅमेरा दिसला की गाड्या आपोआप हळू व्हायच्या.

"दूधवाला विचारत होता, साहेबांना आरटीओत नोकरी लागली का म्हणून," ग्लॅडिस म्हणाली. "मी हो म्हटलं. तेवढाच मान."

जूनमध्ये पहिला खरा फोटो साधला. ज्ञानदेवांनी तो पाहिला, स्टुलावर चढून स्वतः खिळा ठोकला आणि देव्हाऱ्याच्या शेजारी टांगला. मुक्ताबाई, त्यांची पत्नी, म्हणाल्या, "देवाच्या पंक्तीला विमान कशाला?" त्यावर ते म्हणाले, "त्ये बी वरच ऱ्हातं." त्या दिवसापासून अहो-जाहो संपलं. कारखान्याच्या सवयीने ज्ञानदेव त्यांना आडनावाने "रणनवरे" म्हणू लागला आणि बन्यामीन त्याला "ज्ञानबा".

पुढची पाच-सहा वर्षं रविवार असेच गेले, मधला करोनाचा काळ सोडला तर. ज्ञानबा रेघेवर उभा, त्याच्या उजव्या कोपराशी बन्यामीन. न बोलण्याचा नियम इंद्रजीतने या जोडीपुरता सैल केला होता. कॅमेऱ्याला डोळा लावलेले बन्यामीन पुटपुटायचे, "परत," की साळुंकी वळून तीच चक्कर परत मारायची. "अजून जवळ," म्हटलं की पुढच्या फेरीला ती आणखी जवळून जायची. बावीस सालच्या सुमाराला ती इतकी जवळून जाऊ लागली, की भिंग पुरतं ओढलं तर चौकटीत मावेना. बाकीच्यांची विमानं फोटोत चिमणीएवढी यायची आणि ज्ञानबाची साळुंकी अंगावर आल्यासारखी दिसायची, प्रत्येक स्क्रूसकट. माळावरचे लोक म्हणायचे, काका, असं जवळून आणायला काळीज लागतं. पुण्याच्या एका प्रदर्शनात बन्यामीनचे दोन फोटो लागले आणि प्रशस्तिपत्र मिळालं. ग्लॅडिसने ते लॅमिनेट केलं.

"माझं नाव हाय का त्याच्यात?" ज्ञानबाने विचारलं.

"खाली बारीक अक्षरात आहे."

"वाच की मंग."

बन्यामीनने वाचून दाखवलं. त्या वेळी त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी ज्ञानबा साळुंकी उतरवत होता. ती धावपट्टी सोडून कलली, चुन्याच्या रेघेवरून, बन्यामीनच्या खांद्याला घासून मागे गेली आणि तिथे मांडलेल्या खुर्च्यांत घुसली. खुर्च्यांवर पुण्याचं एक कुटुंब बसलेलं होतं. कोणाला लागलं नाही, चहाची किटली तेवढी फुटली. आरडाओरडा झाला, लोक धावले. बन्यामीनने वळून ज्ञानबाकडे पाहिलं. तो धावपट्टीकडे तोंड करून तसाच उभा होता, आभाळाकडे बघत, अंगठे अलगद हलवत. तो अजून साळुंकी उतरवत होता.

"टेकली का रं?" त्याने विचारलं.

पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. साखर अंगात किती वर्षं होती कोण जाणे. ज्ञानबाने कधी तपासलीच नव्हती. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं, डावाही निम्म्याच्या वर गेला होता.

"कमी कधीपासून दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"दोन म्हैनं झालं असत्याल."

"काका, हे दोन महिन्यांचं नाही. दोन वर्षांचं आहे. वर्षभर आधी आला असता, तरी बरंच वाचवता आलं असतं."

बन्यामीन ज्ञानबाच्या शेजारी बसले होते, मांडीवर फाइल धरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाळ्यातलं गिऱ्हाईक आवरल्यावर त्यांनी कॉम्प्युटर लावला. प्रत्येक फोटोत कॅमेरा काही आकडे आपल्या आपण नोंदवतो: तारीख, वेळ, शटर, आणि भिंगाने दूरचं किती ओढून जवळ घेतलं तो आकडा. विमान लांब असेल तर आकडा चारशे. जवळ आलं की कमी कमी होत जातो. बाईंचं ते "दोन वर्षं" त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. त्यांनी जुन्या पंचांगाच्या पाठीवर दर महिन्याचा एक, असे साळुंकीचे आकडे उतरवून काढले. एकोणीस साली चारशे. एकवीसच्या दिवाळीतही चारशे. बावीसच्या एप्रिलमध्ये साडेतीनशे, पावसाळ्यात तीनशे, डिसेंबरात अडीचशे. तेवीसच्या जूनमध्ये एकशे ऐंशी. प्रदर्शनात लागलेले दोन्ही फोटो एकशे वीसचे. शेवटचा, किटली फुटली त्याच्या आदल्या रविवारचा, शंभर. त्या भिंगाला शंभराच्या खाली जाता येत नाही.

एकही महिना असा नव्हता, की आकडा परत वर चढला.

पोटावरचे काळे पट्टेही तेवढ्यात दिसले. अठरा साली बोटाएवढे होते. मग ज्ञानबाने ते दोनदा रंगवून रुंद केले, तळहाताएवढे. तेव्हा बन्यामीन म्हणाले होते, फोटोत छान उठून दिसतात रे.

ग्लॅडिस जेवायला बोलवायला आली तेव्हा ते पंचांग हातात धरून बसले होते. तिने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "तो मला सांगत होता. दर रविवारी सांगत होता. आणि मी त्याला म्हणत होतो, अजून जवळ आण."

हे ज्ञानबाला सांगायचं त्यांच्याने पुढचे सात महिने झालं नाही. या सात महिन्यांत इंजेक्शनं झाली, लेसर झालं, पुण्याच्या चौदा खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेला ओम्नी बन्यामीननेच चालवली. उजवा डोळा गेला. डाव्यात उजेड-अंधार आणि माणसाची हलती सावली एवढं उरलं. गौरी-गणपती उरकल्यावर बाईंनी सांगितलं, की आता करण्यासारखं काही नाही.

सप्टेंबर अखेरीला एका सकाळी बन्यामीन निमोण्याला गेले. ज्ञानबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. फोडलेले दाणे एका सुपात आणि टरफलं दुसऱ्यात पडत होती, एकही दाणा चुकत नव्हता. बन्यामीन खाली बसले आणि पंचांगावरचे आकडे वाचून दाखवू लागले. तारखेसकट, पहिल्यापासून. ज्ञानबाने शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

"झालं?" शेवटी तो म्हणाला.

"झालं."

"मला ठावं हाय की ह्ये. जवळ आनत हुतो म्हंजी मला ठावं नसंल व्हय?"

"मग बोलला का नाहीस?"

"आपुन हून कोन बोलतंय, रणनवरे? बोललो की इंद्रजीत रिमोट काढून घेनार." त्याने एक शेंग दोन बोटांत धरली आणि तशीच ठेवली. "मला वाटायचं, तुला कळंल. सारा दीस डोळा लावून बसायचास तू माझ्या विमानाला. म्हटलं, एक दीस ह्यो बाजूला घेऊन म्हनंल, ज्ञानबा, चल, डोळं दाखवू. तू म्हटला असतास तर आलो असतो मी."

बन्यामीनने पंचांग मिटलं.

"आन् तू म्हनायचास, अजून जवळ. तवा बरं बी वाटायचं. घरी येऊन हिला सांगायचो, रणनवऱ्याच्या फोटोसाठी आनावं लागतंय जवळ."

मुक्ताबाई आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, कप खाली ठेवले आणि परत गेल्या.

चहा झाल्यावर ज्ञानबा म्हणाला, "मला एकदा उडवायचंय. धाच मिन्टं. मंग न्हाई मागनार."

बन्यामीन लगेच म्हणाले, "उडवशील. मी बघतो."

एवढं तरी आपण करूच, असं त्यांनी मनाशी धरलं. पंचांगावरच्या त्या आकड्यांची भरपाई करायला त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं. इंद्रजीतने आधी साफ नाही म्हटलं. बन्यामीन तीन रविवार त्याच्या मागे लागले. शेवटी त्यानेच वाट काढली. नवशिक्याला शिकवताना दोन रिमोट एकमेकांना वायरने जोडतात. एक शिकणाऱ्याच्या हातात, दुसरा शिकवणाऱ्याच्या. शिकवणाऱ्याच्या रिमोटवर एक खटका असतो. तो ओढून धरला तर विमान शिकणाऱ्याचं ऐकतं, सोडला तर शिकवणाऱ्याचं. ज्ञानबाच्या हातात शिकाऊ रिमोट द्यायचा, इंद्रजीत मागे उभा राहील, आणि विमान कुठे आहे, कसं वळतंय ते बन्यामीनने बाजूने सांगायचं. ज्ञानबाने हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "शिकाऊ तर शिकाऊ. वर जाऊन त्यानं मला दिलं म्हंजी झालं." आठ दिवस त्याने मुक्ताबाईंना साळुंकी पुसायला लावली.

नोव्हेंबरातला एक रविवार ठरला, आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी इंद्रजीतचा फोन आला.

"काका, एक सांगून ठेवतो. मी खटका ओढणार नाही. उतरवीपर्यंत मीच उडवणार."

"असं कसं? एक फेरी तरी दे. उंच गेल्यावर."

"उंच गेल्यावर उलटं झालं तर? माळावर बायका-पोरं असतात. फेब्रुवारीत तुमच्या खांद्याला लागलंय, डोक्याला लागलं असतं. त्यांना काय कळणार आहे? त्यांना वाटेल तेच उडवतायत. आनंद तेवढाच होईल ना?"

इंद्रजीतचं म्हणणं खोटं नव्हतं. बन्यामीन "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ज्ञानबाला सांगायला गुरुवार, शुक्रवार, शनिवार होता. रविवारी निमोण्यापासून भांडगावपर्यंतचा सगळा रस्ता होता. रस्ताभर ज्ञानबा शेजारी बसून अंगठे हलवत होता, रिकाम्या हवेत, आणि कुठल्या फेरीला काय करायचं ते ठरवत होता. पहिली फेरी नुसती मोठी घ्यायची. मग एकदा मोटर अगदी हळू करून तिला तरंगू द्यायची. बन्यामीन म्हणाले, हो, ते बरं. कांद्याच्या रोपांचा विषय निघाला तेव्हा त्यांना हायसं वाटलं.

माळावर बरीच माणसं जमली होती. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं. ज्ञानबाच्या गळ्यात रिमोटचा पट्टा अडकवला, तेव्हा टाळ्या वाजल्या. त्याने दांड्या चाचपल्या, अंगठे ठेवले आणि पाय थोडे फाकून पूर्वीसारखा उभा राहिला. इंद्रजीत दोन पावलं मागे, वायर दोघांमध्ये लोंबत होती.

"कॅमेरा कुठं हाय तुझा?" ज्ञानबाने विचारलं.

"गाडीत आहे. आज नको म्हटलं."

"आन. डोळ्याला लावल्याबिगर तुला नीट दिसतंय कुठं?"

लोक हसले. बन्यामीनने कॅमेरा आणला.

साळुंकी धावली, उठली आणि माळाच्या टोकाला जाऊन वळली. बन्यामीन तिला भिंगात धरून सांगू लागले: वर गेली, डावीकडे वळतेय, सरळ झाली, आता आपल्या समोरून उजवीकडे. इंद्रजीत हलक्या आवाजात म्हणाला, "घ्या काका, दिलं तुमच्याकडे," आणि खटक्याला बोटही लावलं नाही.

ज्ञानबाचे अंगठे फिरू लागले. पहिली मोठी फेरी झाली. दुसरी अर्ध्यात आली तेव्हा त्याने मोटरच्या दांडीवरचा डावा अंगठा हळूहळू खाली घेतला. आवाज होता तसाच राहिला. त्याने मान थोडी कलती केली, जसा एखादा माणूस दाराबाहेरच्या पावलांकडे कान देतो. अंगठा आणखी खाली गेला, पार तळाला. साळुंकीची मोटर भरात चालू होती. मग त्याने तो एकदम वर नेला, आणि नेमक्या त्याच वेळी वळणावर इंद्रजीतने मोटर हळू केली.

बन्यामीनने हे कॅमेऱ्याआडून, दुसऱ्या उघड्या डोळ्याने पाहिलं. ज्ञानबाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. अंगठे मात्र थांबले.

"उजवीकडे वळतेय," बन्यामीन म्हणाले. "छान वळतेय, ज्ञानबा. पंख सरळ कर आता."

क्षणभराने अंगठे पुन्हा चालू झाले. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे, डावीकडे म्हटलं की डावीकडे. दहा मिनिटं पुरी झाली. इंद्रजीतने साळुंकी अलगद, रेघेसारखी सरळ उतरवली. टाळ्यांचा कडकडाट झाला, मोबाइल वर झाले, कोणीतरी शिट्टी मारली. इंद्रजीत ज्ञानबाच्या पाया पडला. ज्ञानबाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लई चांगलं उतरवलंस, बाळा."

इंद्रजीत खाली वाकलेलाच राहिला. जमलेल्या पोरांना वाटलं, काका बोलण्यात चुकले.

परतताना न्हावरा मागे पडलं.

"मोटर माझं ऐकत नव्हती," मग ज्ञानबा म्हणाला.

बन्यामीनने गाडी हळू केली.

"दुसऱ्या फेरीला कळलं. मी पुरी बंद केली, तरी ती आपली चाललीया. एकदा बी न्हाई दिलं त्यानं."

"नाही दिलं."

"त्याचं बरुबर हाय. मी असतो तरी दिलं नसतं. पन तुला ठावं हुतं."

"हो. गुरुवारपासून."

समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तो जाईपर्यंत ज्ञानबा थांबला.

"मंग डावी-उजवी कशापाई सांगत हुतास मला?"

बन्यामीनने गिअर बदलला.

"रिमोट खाली ठेवावा आसं मनात आलं हुतं. तितक्यात तू म्हनलास, छान वळतेय. लई जीव तोडून सांगत हुतास. म्हटलं, आता ह्याला कुठं तोंडघशी पाडायचं एवढ्या मानसांत." तो खिडकीकडे वळला. "म्हनून हलवत ऱ्हायलो."

निमोण्यात पोहोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता. बन्यामीन उतरून पलीकडच्या दाराशी गेले आणि आधाराला कोपर पुढे केलं. ज्ञानबा दाराला धरून खाली उतरला, कोपराला हात न लावता उभा राहिला आणि मुक्ताबाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत लगबगीने आल्या.

"उडालं का ओ?"

"उडालं की."

"तुमच्या हातानं?"

"मंग कुनाच्या? रिमोट माझ्याच गळ्यात हुता."

मुक्ताबाईंनी त्याचा हात धरला आणि बन्यामीनकडे पाहून हात जोडले. "तुमच्यामुळं झालं, भावजी. आठ दीस झोपलं न्हाईत ह्ये." बन्यामीनने मान खाली घातली. त्यांनी साळुंकी ओम्नीतून काढली, पंख सोडवले, चादरीत गुंडाळले आणि आतल्या खोलीत फळीवर नेऊन ठेवले. ते बाहेर आले तेव्हा ज्ञानबा ओट्यावर बसला होता आणि मुक्ताबाई त्याच्या पायांवर पाणी घालत होत्या.

"निघतो मी, ज्ञानबा."

"नीग. अंधार पडायच्या आत जा." बन्यामीन गाडीत बसले. मग ज्ञानबा ओट्यावरूनच म्हणाला, "रणनवरे, रविवारी नको येत जाऊ आता."

"बरं."

"बेस्तरवारी ये. नुसतं बसायला ये."

त्यानंतरचा एकही गुरुवार बन्यामीन रणनवऱ्यांनी चुकवलेला नाही. दोघं ओट्यावर बसतात. पाऊस, कांदा, गुडघे, ग्लॅडिसचा रक्तदाब, सगळं बोलून होतं. चहा होतो. चारच्या सुमाराला केव्हातरी ज्ञानबा बोलता बोलता थांबतो आणि त्याचे अंगठे मांडीवर हलू लागतात. बन्यामीन ते हलायचे थांबेपर्यंत बसून राहतात. मग उठतात.